पुण्यात अभ्यासिकेत बसलेला मुलगा: पैसे पाठवत राहायचे, घरी बोलवायचं की मुदत ठरवायची?

आमचा थोरला सहा वर्षं पुण्यात एमपीएससी करत होता. या तिन्ही वाटा आम्ही चालून पाहिल्या, म्हणून लिहिते.

आधी वयाचं. यूपीएससीला खुल्या गटात ३२ वर्षं आणि ६ प्रयत्न. तिथे आयोगच थांबवतो. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या गटात ३८, मागासवर्गीयांना ४३. (पीएसआयला मात्र ३१ आणि ३४.) म्हणजे एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेला मुलगा पुढची सतरा वर्षं फॉर्म भरू शकतो. "अजून एक अटेम्प्ट" म्हणायला कायम जागा राहते. मग कुठे थांबायचं ते घरातच बोलावं लागतं.

पैसे पाठवत राहण्यात भांडण नाही. कॉट, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, सगळं धरून आम्ही १ तारखेला रक्कम टाकायचो. पहिल्या दोन-तीन प्रयत्नांना हीच वाट बरोबर, असं मी आजही म्हणेन. पण पुढे त्या पैशांचंच त्याला ओझं झालं. सोयाबीनला काय भाव लागला हे तो फोनवर विचारायचा आणि मी क्विंटलमागे दोनशे वाढवून सांगायची. त्याला ते कळायचं. प्रिलिम दोन मार्कांनी गेली, त्या दिवाळीला तो घरी आलाच नाही.

घरी बोलावलं ते यांनी, रागात. "बस झालं, सामान घेऊन ये." आला. पारावर जो भेटेल तो रिझल्टचं विचारायचा, म्हणून हा माडीवरून उतरेना. दुपारी वर नेऊन ठेवलेलं ताट संध्याकाळी तसंच खाली आणायची मी. दोन महिन्यांत तो परत गेला. घरी शेती किंवा दुकान आहे आणि मुलाला स्वतःला यायचंय, तर ही वाट चांगली. निकालाच्या आठवड्यात, संतापात मात्र नको. मुलाची झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्यात राम नाही असं तो बोलू लागला, तर तुलना बाजूला ठेवा. त्याच दिवशी त्याच्याकडे जा, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

मुदतीचं मात्र त्याच्याशी बसून ठरलं. आणखी दोन प्रयत्न, हे तो म्हणाला. आम्ही फक्त आमच्या पैशांचं बोललो: पहिलं वर्ष पूर्ण, दुसरं वर्ष निम्मे, नंतर बंद. त्याने ते स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं. अवघड गेलं ते आम्हालाच. निकालाची पीडीएफ उघडून त्याचा नंबर शोधायचं यांनी सोडलं. त्याच्या रूममेटला गुपचूप फोन करायचं मी सोडलं. सुरुवातीला हात आपोआप फोनकडे जायचा. निम्मे पैसे झाले तेव्हा त्याने संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या धरल्या. चार महिने त्याचे फोन तुटक यायचे. तेव्हा निम्म्याचे पूर्ण करावेत असं फार वाटलं, पण केले नाहीत.

त्याची पोस्ट निघाली नाही, म्हणजे निवड झाली नाही. मुदतीने ती निघते असं मी कुणाला सांगणार नाही. आता तो पुण्यातच एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. तीन प्रयत्न उलटून गेले असतील, तर मी हीच वाट सुचवेन.

परवा त्याने परत विचारलं, "आई, सोयाबीन कितीने गेलं?" खरा भाव सांगितला.