दुर्मीळ पोर्तुगीज आडनावाचा शोध: फोरबेअर्स, फॅमिलीसर्च आणि दुकानातली कुलचिन्हाची फ्रेम

नागपुरातल्या सदर, मोहन नगर, अजनी आणि शेजारच्या कामठी या भागांत पोर्तुगीज आडनावांची ख्रिस्ती घरं बरीच आहेत. डिसोझा, फर्नांडिस, परेरा असतील तर कुणी फार खोलात जात नाही. अख्ख्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, ज्यांचं आडनाव दुसऱ्या कुणाचंच नसतं, त्यांना मात्र दोन प्रश्न छळतात: हे आलं कुठून, आणि जगात असे आणखी किती जण आहेत? त्यांची उत्तरं देण्याचा दावा करणाऱ्या तीन गोष्टी इथे तपासल्या आहेत: आडनावांची आकडेवारी देणारी फोरबेअर्स ही साइट, चर्चच्या जुन्या नोंदी दाखवणारी फॅमिलीसर्च, आणि भेटवस्तूंच्या दुकानांत किंवा ऑनलाइन ऑर्डरने मिळणारी 'तुमच्या आडनावाचा इतिहास आणि कुलचिन्ह' असली फ्रेम. कसोटीसाठी मुख्य आडनाव घेतलं आब्रांचेस. सोबत ताव्होरा आणि आपल्या ओळखीचं दिब्रिटो.

निकाल आधीच सांगतो. 'किती आणि कुठे' एवढंच हवं असेल तर फोरबेअर्स वापरा, पण आकडा वाचायचा कसा ते समजून घ्या. चिकाटी असेल तर फॅमिलीसर्चला तोड नाही. फ्रेम घेऊ नका.

फोरबेअर्स फुकट आहे, खातंही लागत नाही. आडनाव टाकलं की देशवार तक्ता येतो: त्या देशात अंदाजे किती जण, लोकसंख्येत दर किती माणसांमागे एक, आणि त्या देशाच्या आडनावांत कितवा क्रमांक. बहुतेक देशांसाठी आकडे २०१४ सालचे म्हणून दिलेले असतात. हे अंदाज आहेत, शिरगणती नव्हे. हजारोंच्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तीन, पाच, अकरा असले आकडे दिसले तर ते एखाद्या कुटुंबाचे असू शकतात किंवा टायपिंगच्या चुकीचे.

तक्त्यात सगळ्यात जास्त फसवतो तो 'दर किती माणसांमागे' हा रकाना. पोर्तुगालची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, भारताची १४० कोटींच्या वर. समजा एखाद्या आडनावाची दोन्हीकडे हजार-हजार माणसं आहेत. पोर्तुगालात ते दर दहा हजारांत एक दिसेल, भारतात चौदा लाखांत एक. नकाशावर पोर्तुगाल गडद आणि भारत फिका दिसतो, आणि बघणारा म्हणतो, 'आपल्याकडे हे नाव नाहीच.' दुर्मीळ आडनावासाठी आधी माणसांची संख्या बघा, मग दर. क्रमांकाकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

दुसरी अडचण स्पेलिंगची, आणि इथे साइटचा दोष कमी, आपल्या कागदपत्रांचा जास्त. फोरबेअर्स स्पेलिंग मोजतं, घराणं नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, मराठीत दिब्रिटो. रोमन लिपीत हेच नाव डी, वरचा स्वल्पविराम आणि दोन टी असं लिहितात; पोर्तुगीजांत 'द' वेगळं आणि 'ब्रितु' एका टीचं. एकच आडनाव तीन पानांवर विखुरतं. शिवाय पोर्तुगीज पद्धतीत द, दा, दु, दुश हे जोडशब्द वर्णक्रमात धरत नाहीत, आपल्याकडे मात्र डी हे अक्षर नावालाच चिकटवून ड खाली लावतात. म्हणून जोडशब्दासकट आणि जोडशब्दाशिवाय, दोन्ही तपासा. १९११ साली पोर्तुगालने शुद्धलेखन सुधारलं: मेनेझिस झेडऐवजी एसने, आताइदमधले टीएच आणि वाय गेले. गोवा-वसईच्या घरांनी जुनी स्पेलिंगं तशीच ठेवली. नव्या स्पेलिंगने पोर्तुगाल भरभरून दिसतो आणि भारत रिकामा, जुन्या स्पेलिंगने उलट. दोन्ही पानांची बेरीज केल्याशिवाय 'प्रसार' या शब्दाला अर्थ नाही.

ब्रिटोमध्ये आणखी एक गोम आहे, जी कुठलीही साइट सांगणार नाही. लिस्बनमध्ये १६४७ साली जन्मलेले जेझुइट धर्मगुरू जुआंव द ब्रितु १६९३ साली तामिळनाडूतल्या ओरियूरला मारले गेले आणि १९४७ साली संतपदाला पोचले. त्यांच्यावरच्या श्रद्धेमुळे तिकडे ब्रिटो हे पाळण्यातलं नाव म्हणून ठेवतात. तामिळनाडूत आडनावाच्या जागी वडिलांचं नाव लावायची रीत आहे, त्यामुळे पुढच्या पिढीच्या कागदपत्रांत ब्रिटो 'आडनाव' म्हणून मोजलं जातं. भारताचा आकडा फुगलेला दिसला की त्यातले किती वसई-गोव्याचे आणि किती संताच्या नावाचे, हे राज्यवार विभागणी पाहिल्याशिवाय कळत नाही. संतांच्या नावावर असलेल्या कुठल्याही आडनावाला हा नियम लावा.

फोरबेअर्सचा एक विभाग बहुतेक लोक बघतच नाहीत: लिप्यंतराचा. त्यात मराठी, हिंदी अशा भाषांत ते नाव कसकसं लिहिलं जातं ते दिलेलं असतं. आपल्या मतदारयाद्या मराठीत छापतात. आब्रांचेसचं तिथे अब्रांचीस, अब्रँचेस काहीही झालेलं असतं. शोध घेताना ही सगळी रूपं हाताशी हवीत.

आता मूळ. आब्रांचेस ही कसोटी म्हणून छान आहे, कारण हे नाव मुळात पोर्तुगालातलंच नाही. फ्रान्सच्या नॉर्मंडीत आव्रांश नावाचं गाव आहे. १४४५ साली इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीने आल्व्हारु व्हाझ द आल्मादा या पोर्तुगीज सरदाराला आव्रांशचा काउंट केलं आणि ऑर्डर ऑफ द गार्टर हा इंग्लंडचा मोठा सन्मानही दिला. नॉर्मंडी तेव्हा इंग्रजांकडे होती. आल्व्हारु २० मे १४४९ रोजी आल्फारोबैराच्या लढाईत राजपुत्र पेद्रूच्या बाजूने लढताना पडला, पुढच्याच वर्षी नॉर्मंडी इंग्रजांच्या हातून गेली. गाव गेलं, किताब राहिला, आणि या किताबातून आडनाव घडलं असं पोर्तुगीज वंशावळींत धरलं जातं.

ताव्होराचं दुर्मीळपण वेगळ्या कारणाने. पोर्तुगालचा राजा पहिला जोझे याच्यावरच्या हल्ल्याच्या आरोपावरून या घराण्यातल्यांना १३ जानेवारी १७५९ रोजी लिस्बनजवळ बेलेंला जाहीर देहदंड दिला गेला आणि ताव्होरा हे नाव लावायलाच बंदी घातली. नाव कमी दिसण्यामागे कधी नैसर्गिक विरळपणा असतो, कधी राजाज्ञा. आकडेवारीच्या तक्त्याला हे कसं कळणार? फोरबेअर्सवर व्युत्पत्तीचा मजकूर काही नावांना असतो, काहींना नसतो, आणि त्यातला काही वाचकांनीच पाठवलेला असतो. त्यावर भिस्त ठेवू नका.

पण समजा मूळ बरोबर सापडलं, तरी ते नावाचं मूळ झालं, घराचं नव्हे. आल्बुकेर्कने गोवा घेतला १५१० मध्ये; त्यानंतरच्या धर्मांतरांत आडनाव बहुधा धर्मगुरूचं, धर्मपित्याचं किंवा एखाद्या अधिकाऱ्याचं मिळालं. गोव्यातल्या बार्देशात फ्रान्सिस्कन, साष्टीत जेझुइट, अशी धर्मगुरूंच्या संघांत कामाची वाटणी होती. एकाच गावात एकच आडनाव थोक दिसतं ते यामुळे. म्हणून नागपुरातल्या आब्रांचेस घराचा नॉर्मंडीशी रक्ताचा संबंध असण्यापेक्षा त्यांच्या गोव्याच्या गावातल्या एखाद्या बाप्तिस्म्याशी असण्याची शक्यता कितीतरी जास्त. काही घरांत प्रभू, पै, कामत, शेणै अशी आधीची नावं अजून माहीत आहेत. ती विचारून ठेवा, त्यांचा उपयोग गावकारी संस्थांचे, म्हणजे कोमुनिदादचे, जुने कागद बघताना होतो.

फॅमिलीसर्च हा अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचा उपक्रम, वापर फुकट, फक्त खातं उघडावं लागतं. पहिल्या पानावरच्या शोधपेटीत नाव टाकून थांबाल तर निराश व्हाल, कारण पुष्कळ वह्यांच्या नुसत्या प्रतिमा आहेत, नावांची सूची अजून झालेली नाही. योग्य वाट अशी: 'सर्च'मधून 'कॅटलॉग'मध्ये जा, ठिकाण म्हणून गोवा आणि मग गाव निवडा. गावाचं नाव पोर्तुगीज वळणाने टाका: शिवोली तिथे सिओलिम, हळदोणे तिथे आल्डोना, कुठ्ठाळी तिथे कोर्तालिम. नोंदीपुढे नुसता कॅमेरा असेल तर प्रतिमा घरी बसून दिसते. कॅमेऱ्यावर किल्ली असेल तर त्यांच्या केंद्रातूनच किंवा काही अटींवरच. आधी हे चिन्ह बघा, मग वेळ घाला. जिथे सूची आहे तिथे तारा आणि प्रश्नचिन्ह वापरा: ताऱ्याच्या जागी कितीही अक्षरं, प्रश्नचिन्हाच्या जागी एकच. आब्रांचेससाठी 'सीएच'पर्यंतची अक्षरं आणि पुढे तारा टाकलात तर शेवटच्या एस-झेडचा घोळ मिटतो.

वह्यांतलं हस्ताक्षर हा खरा डोंगर. बातिझ्मुश म्हणजे बाप्तिस्मे, काझामेंतुश म्हणजे लग्नं, ओबितुश म्हणजे मृत्यू. हे तीन शब्द ओळखता आले की वही कुठली ते कळतं. कारकून नावं कापून लिहीत: रॉड्रिग्जचं 'रोइझ', गोन्साल्विसचं जी-एल-झेड, फर्नांडिसचं एफ-आर-झेड, फ्रान्सिस्कूच्या 'एफ-आर'वर बारीक 'सी-ओ'. नाव सापडत नाही म्हणून पान उलटण्याआधी समासात बघा, आडनाव पुष्कळदा तिथे मोकळ्या अक्षरात लिहिलेलं असतं. आणखी एक सावधगिरी: फॅमिलीसर्चवरचं वंशवृक्ष सगळ्या जगाचं एकच आहे आणि कुणीही त्यात बदल करतं. दुर्मीळ आडनाव दिसलं की हौशी लोक गोव्याच्या आंतोनियुला लिस्बनच्या आंतोनियुला जोडून मोकळे होतात. झाडावरचं नाव घ्या, पण त्याखाली वहीची प्रतिमा जोडलेली नसेल तर ते धरू नका.

पोर्तुगालच्या बाजूसाठी लिस्बनच्या तोरे दु तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागाराची दिजितार्क ही साइट आणि पॅरिशवार दुवे देणारी तोंबो ही साइट, दोन्ही फुकट आणि दोन्ही उत्तम. पण पॅरिशचं नाव माहीत नसेल तर तिथे करण्यासारखं काही नाही.

फ्रेमबद्दल थोडक्यात. जाड कागद, सोनेरी कडा, ढाल, वर शिरस्त्राण, खाली एक परिच्छेद. युरोपीय कुलचिन्ह एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिलेलं असतं, आडनावाला नाही. एकाच आडनावाची चार वेगळी चिन्हं असू शकतात. दुकानदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये आडनाव टाकलं की त्यातलं एक छापून येतं. खालचा मजकूर वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यासारखा, कुणालाही लागू पडेल असा: 'शूर, जमीनदार, राजनिष्ठ घराणं'. ताव्होरासाठी राजनिष्ठ लिहिलेलं बघायला मजा येईल एवढंच. घरात शोभेला लावायची असेल तर लावा. पण ही फ्रेम म्हणजे पुरावा असं कुणी सांगितलं तर तिथेच उठा. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कामात तर तिचा काडीचा उपयोग नाही. तिथे आडनाव बघतच नाहीत, १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा-दमण-दीवमध्ये झालेल्या जन्माची नोंद आणि ती लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात चढवणं हे लागतं.

राहता राहिली नागपूरची बाजू, जी या तिन्हींत नाही आणि सगळ्यात उपयोगी आहे. भोसल्यांच्या नागपूरवर पोर्तुगीजांचं राज्य कधी नव्हतं. ही आडनावं इथे आली नोकरीच्या वाटेने: कामठीची छावणी १८२१ची, रेल्वे पोचली १८६७ मध्ये, मग शाळा आणि दवाखाने. त्यामुळे इथल्या बहुतेक घरांना मागे गोवा, वसई किंवा मंगळूरचं एखादं गाव आहे, आणि त्याचं नाव बहुतेकदा इथल्याच लग्नाच्या वहीत मिळतं. कॅथलिक लग्नाआधी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला द्यावा लागतो, म्हणून लग्नाच्या नोंदीत वधूवरांचा बाप्तिस्मा कुठल्या पॅरिशमध्ये झाला ते येतं. उलट, विसाव्या शतकातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पुढे लग्न कुठे झालं ते लिहिलेलं असतं.

नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालचा. कुटुंब त्याआधीपासून इथे असेल तर कामठीच्या चर्चपासून सुरुवात करा, नंतरचं असेल तर सदरचं सेंट फ्रान्सिस द सेल्स कॅथेड्रल किंवा ज्या वस्तीत पहिलं घर होतं तिथलं पॅरिश. फोनवर विचारू नका. पॅरिश प्रीस्टना पत्र द्या: नवराबायकोची नावं, स्पेलिंगच्या सगळ्या रूपांसह, लग्नाचं अंदाजे वर्ष, मागेपुढे पाच वर्षांच्या मर्यादेत, नातं काय आणि कशासाठी हवं ते. नुसता दाखला मागितलात तर छापील चार ओळी मिळतात. समासातल्या टिपणांसकट पूर्ण उतारा मागा. वही तुमच्या हातात देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, तेव्हा तो हट्ट करू नका. उताऱ्यात गाव सापडलं की मगच फॅमिलीसर्चचा कॅटलॉग उघडा. गावाशिवाय उघडलात तर गोव्यातल्या शेकडो वह्यांत आब्रांचेस शोधत बसाल.