साहिवाल गाय: एका वेताचा अनुभव

करवीर तालुक्यात आमचा ऊस, जोडीला दूध. गोठ्यात एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, विदेशी जात) संकरित गाई होत्याच, गेल्या वर्षी त्यांच्या शेजारी साहिवाल ही देशी गाय बांधली. आता ती पुन्हा गाभण आहे आणि आमचं मत पक्कं झालंय: घरच्या माणसांवर चालणाऱ्या गोठ्यात एक तरी साहिवाल हवीच.

दूध कमी, हे आधीच सांगतो. या जातीचं वेताला साधारण २००० ते २३०० लिटर धरतात. आमची भरात असताना दोन्ही वेळचं मिळून दहा लिटरपर्यंत गेली, पुढं सातावर टिकली. एचएफ याच्या दुप्पट देते. पण दूध संस्थेत ३.५ फॅट राखताना एचएफवाल्यांची ओढाताण होते, तिथं हिचं साडेचारच्या खाली आलं नाही.

खरा फरक उन्हाळ्यात कळला. भर दुपारी एचएफ पंख्याखाली धापा टाकायच्या आणि ही चिंचेखाली निवांत रवंथ करायची. माशी बसली की सैल कातडी थरथरवून उडवून लावते. गोचिडाचं औषधही हिला क्वचितच लागलं.

धार काढायला मात्र सवड हवी. वासरू सोडायचं, चारी सडांना तोंड लावू द्यायचं, कास भरून आली की ओढून तिच्या तोंडापुढं बांधायचं. ती वासराला चाटत राहते तोवर पान्हा राहतो. वासरू नजरेआड झालं की दूध चोरते. मशीन लावून झटपट उरकणाऱ्यांना हे जमणार नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतं म्हणून नुसतं तेच घालू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळं अंगातलं कॅल्शियम कमी होतं. आम्ही वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडतो, सोबत कडबा आणि मका देतो.

खोंडाकडून खिल्लारासारख्या चपळाईची अपेक्षा नको, ही जात मुळात संथ. कालवडही उशिरा येते, पहिल्या वेताला तीन वर्षांच्या पुढं जाते. म्हणून घेताना दुसऱ्या वेताची घ्या. आम्हाला दलालानं पंधरा लिटर सांगितलं होतं. सांगण्यावर जाऊ नका. आदल्या संध्याकाळी कास पूर्ण रिकामी करून घ्या, मग सकाळ-संध्याकाळची धार समोर उभं राहून मोजा आणि मगच विसार द्या.