नौपाड्यातलं कॅन्सरच्या औषधांचं दुकान आणि बाबांची गोळी

ठाण्यात कॅन्सरची औषधं स्वस्त कुठे मिळतात हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकतो. दुकान नौपाड्यात आहे, गल्लीत, बाहेरून अगदी नेहमीचं मेडिकल. नाव टाकलं तर जाहिरात वाटेल, कोणाला हवं असेल तर मेसेज करा.

बाबा ७४ वर्षांचे, आम्ही कळव्याला राहतो. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेल्यावरच कळला. दर तीन महिन्यांनी पुरुषी हार्मोन बंद करणारं एक इंजेक्शन आणि रोज ॲबिराटेरोन, म्हणजे याच कॅन्सरवरची गोळी, २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या सकाळी उपाशीपोटी, सोबत प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड. म्हणजे महिन्याला १२० गोळ्या, आणि पीएसए (हा कॅन्सर किती आहे याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) आटोक्यात आहे तोवर त्या घेतच राहायच्या, कोर्स संपला असं काही नसतंच. डॉक्टरांनी इंजेक्शनऐवजी अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशन पण सुचवलं होतं, एकदाच खर्च आणि हार्मोन बंद व्हायचं काम तेच, पण बाबा नको म्हणाले आणि आम्ही पुन्हा विषय काढला नाही. ऑपरेशनला माणूस उसनेपासने करून एकदा भागवतो हो, ही गोळी मात्र दर महिन्याला समोर उभी असते, आणि आमचा मेडिक्लेम ॲडमिट झालं तरच, घरी खायच्या गोळीचा एक रुपया देत नाही.

पहिल्या महिन्याची बाटली हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घेतली, १७,४०० रुपये, पूर्ण एमआरपी. त्या वेळी घासाघीस करायचं कुणाला सुचतं? पुढच्या खेपेला ओपीडीत शेजारी बसलेल्या एका ताईंनी या दुकानाचं सांगितलं. व्हॉट्सॲपवर प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवला, तासाभरात उत्तर, ६,२०० रुपये, कंपनी तीच.

मला खरंच भीती वाटली, म्हटलं बनावट तर नाही. संपलेली बाटली खिशात घालूनच गेलो होतो. काउंटरवरच्या काकांनी न चिडता दोन्ही बाटल्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोट लावून दाखवलं, हे कंपनीचं नाव, हा लायसन्स नंबर, हा बॅच, हे सील. म्हणाले, "एमआरपी छापलेली असते दादा, खरेदी त्याच्या कितीतरी खाली असते, मधलं कोण किती ठेवतो तेवढाच प्रश्न." ११,२०० चा फरक. बाबांची पेन्शन जवळपास तेवढीच आहे. मी रिक्षात बसून बराच वेळ ती बाटली हातात धरून होतो.

ॲबिराटेरोन आता आपल्याकडे बऱ्याच कंपन्या बनवतात त्यामुळे भाव पडायला जागा असतेच. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चाललेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याने, हॉस्पिटलांची मागणी एकत्र करून ४० औषधं घेतली तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त पैसे वाचले. सगळ्यांनी मिळून मागितलं तर एवढा भाव उतरतो, मग एकट्या पेशंटने पूर्ण एमआरपी का भरायची याचा मला मनापासून राग येतो.

अजून एक, आणि हे कृपया स्वतःच्या मनाने करू नका. २०१८ मध्ये एक अभ्यास आला, ७२ पेशंटचा, त्यात चारऐवजी एकच गोळी कमी तेलातुपाच्या नाश्त्यासोबत दिली तरी पीएसए तितकाच उतरला, कारण जेवणासोबत ही गोळी शरीरात जास्त शोषली जाते. अभ्यास छोटा आहे. आम्ही डॉक्टरांना विचारलं, त्यांनी रिपोर्ट बघून होकार दिला आणि दर महिन्याला पीएसए करायला लावला. आता एक बाटली चार महिने जाते. बाबा सकाळी दोन इडल्या खातात आणि गोळी घेतात, आई समोर बसून बघते.

दुकानाबद्दल बाकी, इंजेक्शन थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून देतात, कळव्यापर्यंत गार राहतं. पक्कं बिल बॅच नंबरसकट न मागता मिळतं, ते जपून ठेवा, जुन्या टॅक्स पद्धतीत अशा आजाराच्या उपचारखर्चावर सीनियर सिटिझनसाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते, त्याला स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं. त्रास एवढाच की माल कधी कधी संपलेला असतो म्हणून चार दिवस आधी सांगावं लागतं आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला तिथे एक स्टूलसुद्धा नाही, ते त्यांनी ठेवायलाच हवं, मी दोनदा सांगितलंय.

रविवारी बंद, दुपारी २ ते ४ पण बंद. ओरिजिनल प्रिस्क्रिप्शन घेऊनच जा, त्याशिवाय ते देत नाहीत.