जपानी मिठाई : तिथेच खावी अशी आणि घरी आणावी अशी

जपानहून परतणाऱ्या मराठी प्रवाशाच्या बॅगेत माचाच्या (हिरव्या चहाच्या पुडीच्या) चवीची किटकॅट, टोकियो बनाना नावाच्या केकचा डबा आणि सुबक वेष्टनातली मोची, म्हणजे चिकट तांदळाचा मऊ गोळा, या तीन वस्तू हमखास असतात. घरी आल्यावर किटकॅट दोन दिवसांत संपते. मोची मात्र प्रत्येकाने एकेक तुकडा चाखून 'बरी आहे' असा निर्वाळा दिल्यानंतर फ्रिजमध्ये तशीच पडून राहते. तेवढ्यावरून जपानी मिठाईबद्दल मत बनवणे योग्य नाही, कारण या मिठाईतले जे खरोखर उत्तम आहे ते प्रवासात टिकतच नाही. ते केले त्याच जागी, त्याच दिवशी आणि काही वेळा केल्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या आत खावे लागते. क्योतो आणि टोकियो येथे जे खाल्ले त्यावरून तिथेच काय खावे आणि पैसे मोजून घरी काय आणावे, याबद्दलचे माझे मत आता बऱ्यापैकी पक्के झाले आहे.

आपल्या जिभेची अपेक्षा आधी थोडी बाजूला ठेवावी लागते. 'वागाशी' म्हणजे पारंपरिक जपानी मिठाई मुख्यतः तांदूळ, कडधान्य आणि साखर यांवर उभी आहे. आझुकी नावाचे बारीक लाल कडधान्य शिजवून, साखर घालून आटवले की 'आन' तयार होते. त्यात कधी दाणे अख्खे ठेवतात, तर कधी साले काढून ते अगदी मऊसूत करतात. तूप नाही, दूध नाही, वेलची-जायफळ तर नाहीच. त्यामुळे पहिला घास आपल्याला अपुरा वाटतो. पण ही मिठाई कडू माचा चहाबरोबर खाण्यासाठी घडवलेली आहे आणि तिच्यात गोडीपेक्षा दाताखालच्या स्पर्शाला अधिक मान आहे, हे ध्यानात घेतले की दुसऱ्या घासापासून मत बदलू लागते.

क्योतोच्या उत्तर भागात, दाइतोकुजी मंदिरापासून थोड्याच अंतरावर, इमामिया देवस्थान आहे. त्याच्या पूर्वेकडील दाराबाहेर दगडी फरसबंदीच्या गल्लीत दोन दुकाने समोरासमोर आहेत आणि दोन्हीकडे एकच पदार्थ मिळतो, तो म्हणजे आबुरी मोची. त्यांपैकी इचिवा हे दुकान आपली स्थापना इसवी सन १००० मधली सांगते; समोरचे काझारिया त्या मानाने अलीकडचे, म्हणजे एदो काळातले (सतरावे ते एकोणिसावे शतक). अंगठ्याच्या पेराएवढा मोचीचा गोळा किनाकोमध्ये, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात, घोळवून बांबूच्या काडीला टोचतात आणि कोळशाच्या निखाऱ्यावर धरतात. दुकानाच्या तोंडाशीच बसलेल्या बायका काड्यांची जुडी हातात घेऊन ती सतत फिरवत असतात. गोळ्याची कड किंचित काळी पडली की काड्या बाजूला निघतात आणि त्यांवर पांढऱ्या मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, गोडसर रस्सा पडतो. वरून करपट, आतून चिवट आणि भोवती खारट-गोड असा हा घास काहीशे येनांत मिळणाऱ्या सर्व खाण्यांत मला सर्वांत पूर्ण वाटला. देवस्थानाचा साथीचे रोग टळावेत म्हणून होणारा उत्सव प्रसिद्ध आहे आणि या मोचीनेही आजार दूर राहतो अशी श्रद्धा आहे. दोन्हींपैकी कोणते दुकान चांगले, हा वाद क्योतोकरांवर सोडावा. मला इचिवाचा रस्सा थोडा अधिक सौम्य वाटला, इतकेच. बुधवारी ही दुकाने बहुधा बंद असतात, तेव्हा तो वार टाळावा.

याच शहरातल्या गिओन भागात, शिजो रस्त्यावर, कागिझेन योशिफुसा हे अठराव्या शतकापासूनचे दुकान आहे. तिथले कुझुकिरी मागवल्याशिवाय करायला घेत नाहीत. कुझू नावाच्या वेलीच्या मुळापासून काढलेले सत्त्व पाण्यात कालवून, पातळ थर शिजवून त्याच्या रुंद पट्ट्या कापतात आणि त्या बर्फाच्या पाण्यात सोडून लाखेच्या भांड्यातून आणून देतात. शेजारी ओकिनावाच्या काळ्या साखरेचा दाट पाक असतो. पट्टी काचेसारखी आरपार दिसते. मात्र गप्पांत वेळ घालवला तर ती डोळ्यांदेखत पांढुरकी होत जाते आणि तिचा ताठपणाही जातो. फोटो काढण्यात रमणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पट्ट्यांना स्वतःची चव जवळजवळ नसते. एवढ्या निर्विकार पदार्थासाठी हजार येनांहून अधिक का मोजावेत, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की उन्हाळ्याच्या दुपारी मोजावेत, हिवाळ्यात नव्हे.

वाराबिमोचीच्या बाबतीत मात्र सावध राहिलेले बरे. वाराबी या नेच्याच्या मुळाचे सत्त्व फार महाग पडते, म्हणून बहुतेक ठिकाणी रताळ्याचे किंवा टॅपिओकाचे सत्त्व वापरले जाते. गर्दीच्या एका पर्यटनस्थळी मला मिळालेली वाराबिमोची थंडगार, पारदर्शक आणि रबरी होती. वर किनाको एवढे भुरभुरले होते की आतल्या वस्तूची पारख होऊच नये. खऱ्या वाराबीचा रंग काळपट असतो आणि ती तोंडात विरघळल्यासारखी नाहीशी होते. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या वाचकांनी कुझुकिरी आणि वाराबिमोची हे दोन्ही पदार्थ मुळांपासून होतात, याची नोंद घ्यावी.

मोची दुसऱ्या दिवशी का बिघडते, याचे कारण साधे आहे. शिजलेल्या तांदळातले स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रचनेत जाऊ लागते आणि आतले पाणी सोडते; फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने होते. म्हणजे उरलेले दाइफुकु (आन भरलेली मोची) जपून ठेवावे म्हणून आपण जे करतो, त्यानेच ते लवकर वातड होते. टिकाऊ डब्यातल्या मोचीत भरपूर साखर घालतात, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि गोळा काही आठवडे मऊ राहतो. मात्र तांदळाचा वास आणि ताज्या मोचीची ओढ त्यात उरत नाही. टोकियोतल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, शिंजुकुच्या इसेतानमध्ये किंवा निहोनबाशीच्या ताकाशिमायामध्ये, सकाळी जाऊन त्याच दिवशीची मुदत असलेले दाइफुकु घ्यावे आणि संध्याकाळच्या आत संपवावे. नाजूक वस्तू असेल तर विक्रेती घरी पोहोचायला किती वेळ लागेल हे विचारते आणि तेवढ्या वेळाला पुरेल एवढी बर्फाची पुडी खोक्यात ठेवते. ज्येष्ठांसाठी एक सूचना : मोचीचे लहान तुकडे करूनच खावे. जपानमध्ये दर नववर्षाला मोची घशात अडकून वृद्ध दगावल्याच्या बातम्या येतात.

नेरिकिरी, म्हणजे पांढऱ्या कडधान्याच्या आनाला ऋतूनुसार फुलाचा किंवा पानाचा आकार दिलेली मिठाई, पाहण्यात जितकी सुंदर तितकी खाण्यात एकसुरी आहे. चहाबरोबर एखादी जरूर खावी. चारचा खोका घेऊ नये. वसंतात टोकियोत असाल तर त्याऐवजी सुमिदा नदीकाठच्या चोमेइजीची साकुरामोची गाठावी. १७१७ पासून चालत आलेल्या या प्रकारात गव्हाच्या पिठाचा पातळ पोळा आनाभोवती गुंडाळतात आणि मिठात मुरवलेल्या चेरीच्या पानांत तो झाकतात. पान खावे की काढावे, यावर एकमत नाही. मी पाने काढून खाल्ले. वास तेवढ्यानेही पुरेसा उतरलेला असतो.

रस्त्यावरच्या खाण्यात ताइयाकीला पहिला क्रमांक द्यावा लागेल. माशाच्या आकाराच्या साच्यात पिठाचे कवच आणि आत आन, एवढाच हा पदार्थ आहे. नावात आणि रूपात मासा असला तरी आत मासा नसतो, हे शाकाहारी मंडळींसाठी सांगितलेले बरे. टोकियोच्या अझाबुजुबान भागातले नानिवाया सोहोन्तेन १९०९ पासून ताइयाकी विकते आणि तिथे प्रत्येक मासा स्वतंत्र लोखंडी साच्यात, आचेवर हाताने उलटवत भाजतात. कवच पातळ व कुरकुरीत होते आणि आन शेपटीपर्यंत पोहोचलेले असते. एका वेळी अनेक मासे भाजणाऱ्या यंत्रावरच्या ताइयाकीचे कवच जाड आणि केकसारखे मऊ लागते. किंमत दोन-तीनशे येनांच्या घरात असते आणि या यादीत पैशाचा सर्वाधिक मोबदला देणारा पदार्थ हाच आहे.

आता घरी आणण्याजोग्या वस्तूंकडे वळू. त्यांत कोनपेइतोला मराठी घरात विशेष स्वागत मिळेल, कारण ही वस्तू म्हणजे संक्रांतीचा काटेरी हलवाच आहे. कृतीही तीच : बारीक कणावर पाक थोडा-थोडा घालत, आचेवर हलवत राहायचे, म्हणजे काटे फुटतात. आपल्याकडे हे काम परातीत बोटांनी होते. क्योतोच्या र्‍योकुजुआन शिमिझु या १८४७ पासूनच्या दुकानात ते तापवलेल्या, तिरप्या, फिरत्या प्रचंड कढईत होते आणि एक घाणा पूर्ण व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. या मिठाईचा जपानप्रवेशही गोव्याच्या वाटेने झाला. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून कागोशिमाला उतरले. त्यांच्यामागून गेलेल्या जेझुइट धर्मप्रसारकांपैकी लुइस फ्रोइश, ज्यांचे शिक्षण गोव्यात झाले होते, त्यांनी १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या भांड्यातून कोनपेइतो नजर केली. तिचे काटे नेमके कसे फुटतात, याचे कुतूहल तोराहिको तेरादा यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञालाही होते. परीक्षण म्हणून सांगायचे तर छोट्या पिशवीची किंमत भारी आहे आणि साधी पांढरी कोनपेइतो चवीला साखरच आहे; घ्यायचीच तर युझू लिंबाची किंवा ऋतूतल्या फळाची घ्यावी, तिथे वास कणाच्या गाभ्यापर्यंत उतरलेला जाणवतो. पोर्तुगीजांच्याच वाटेने आलेला नागासाकीचा कास्तेला केकही प्रवासात काही दिवस टिकतो; लोणी नसले तरी त्यात अंडी भरपूर असतात.

मात्र एकच वस्तू आणायची असेल तर ती तोरायाचे योकान. सोळाव्या शतकात क्योतोत सुरू झालेले आणि १८६९ मध्ये सम्राटामागोमाग टोकियोला आलेले हे घराणे आजही आझुकी, साखर आणि कानतेन यांची ही वडी करते. कानतेन समुद्री शेवाळापासून होते. आपण त्याला चायना ग्रास म्हणतो. त्यामुळे वडी पूर्ण शाकाहारी असते आणि न उघडता वर्षभर टिकते. 'योरु नो उमे' या प्रकाराची चकती कापली की काळसर पृष्ठभागावर आझुकीचे अख्खे दाणे फिकट ठिपक्यांसारखे दिसतात, रात्रीच्या अंधारातला प्लमचा बहर असावा तसे, आणि नावही त्यावरूनच आहे. मोठ्या विटेपेक्षा छोट्या वड्यांचा खोका घ्यावा, कारण योकान जड, दाट आणि फार गोड असते. बोटभर जाडीची चकती आणि बिनसाखरेचा कडक चहा हे प्रमाण बरोबर जमते.

तिखट-खारट खाण्यात सेन्बेई, म्हणजे तांदळाच्या भाजलेल्या कुरकुरीत चकत्या, आणि शेंगदाण्यांबरोबर मिळणारी काकी नो ताने, म्हणजे पर्सिमन या फळाच्या बीच्या आकाराची तिखटसर कुरकुरीत कणी, हे दोन प्रकार आपल्या जिभेला लगेच रुचतात. काकी नो ताने १९२४ मध्ये निगाता प्रांतातल्या नागाओकाची निर्मिती, आणि त्याच प्रांतातल्या कामेदा सेइकाने याच जातीचे खाणे 'कारी कारी' या नावाने भारतातही आणले. जपानमध्ये घेताना मात्र लेबल भाषांतर करून वाचावे. वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या खाऱ्या पदार्थांत कात्सुओ माशाचा किंवा कोंबडीचा अर्क सर्रास असतो आणि गमी, मार्शमेलो, क्रीमच्या गोड पदार्थांत जिलेटिन. मक्याच्या पोकळ नळीचे उमाइबो १९७९ पासून दहा येनांना मिळत असे. २०२२ मध्ये ते बारा आणि २०२४ मध्ये पंधरा येनांचे झाले. मुलांसाठी मूठभर घ्यायला ते अजूनही परवडते, पण त्याच्या बहुतेक चवी मांसाहारी अर्कांवर आधारलेल्या आहेत. माचा किटकॅट भारतात ऑनलाइन सहज मिळते, तेव्हा तिच्यासाठी बॅगेतली जागा अडवू नये. त्या जागेत योकानचे दोन खोके बसतात.