वृद्ध कुत्र्यांसाठी घरी येणारी पशुवैद्यकीय सेवा : कांदिवलीतील आमचा अनुभव

आमची भुरी पंधरा वर्षांची गावठी कुत्री होती. तिच्या शेवटच्या आजारपणात आणि अखेरच्या दिवशी आम्ही पश्चिम उपनगरांत घरी येऊन उपचार करणाऱ्या या पशुवैद्यकीय सेवेवर अवलंबून होतो. ज्यांच्या घरी म्हातारा कुत्रा आहे आणि ज्यांना कधी ना कधी त्याच्या दयामरणाचा निर्णय घ्यावा लागणार आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

भुरीची मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. मूत्रपिंडे कितपत काम करतात हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन ५ च्या वर गेले होते, म्हणजे आजार चौथ्या, शेवटच्या टप्प्यात पोहोचला होता. आधी आम्ही तिला ज्या दवाखान्यात नेत होतो, तिथे स्टीलच्या टेबलावर दोघांनी तिला दाबून धरले, रक्ताचा अहवाल पाहिला आणि आता कायमचे झोपवून टाका असे सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारली. वैद्यकीय दृष्ट्या तो सल्ला चुकीचा नव्हता, पण तो ज्या घाईने दिला गेला, त्यामुळे आम्ही कुणीच तो ऐकण्याच्या मनःस्थितीत राहिलो नाही.

या सेवेच्या डॉक्टर पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी भुरीला लगेच हात लावला नाही. त्या सतरंजीवर बसल्या, तिला वास घेऊ दिला आणि ती उठते कशी, पाण्याच्या भांड्यापर्यंत जाते कशी, हे बराच वेळ नुसते पाहत राहिल्या. मग त्यांनी आम्हाला कातडीखाली सलाईन द्यायला शिकवले. बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची, दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्या पायथ्याशी सुई सरकवायची. पाणी साठून तिथे फुगवटा येतो आणि काही तासांनी तोच खाली पुढच्या पायाकडे उतरतो. त्याला सूज समजून घाबरू नका, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. उलटीचे औषध कसे द्यायचे हे दाखवले, आणि घरातली माणसांची आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके तिला कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत, असेही बजावले. या उपचारांनी आजार बरा होणार नव्हता, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते, पण त्यामुळे भुरीला काही चांगले दिवस मिळाले.

निर्णयाच्या बाबतीत त्यांची पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते. अमेरिकी पशुवैद्यक डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी आजारी प्राण्याच्या जगण्याचा दर्जा तपासण्यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे. एकूण ७० पैकी ३५ च्या वर बेरीज असेल, तर काळजी घेत पुढे जाता येते असे मानले जाते. डॉक्टरांनी ही मोजपट्टी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळी भरायला लावली. सासूबाईंनी भुकेला भरभरून गुण दिले होते, कारण त्यांच्या हातून भुरी अजूनही दोन घास चाटायची. त्यावर वाद न घालता डॉक्टर म्हणाल्या, “आजी, ती तुमच्यासाठी खाते आहे. आता दुपारी ती स्वतःहून ताटलीकडे जाते का, तेवढं बघा.” ती गेली नाही. त्यानंतर निर्णय कळवणारा फोन आम्हीच केला. त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही.

अखेरच्या दिवशी काय घडेल, हे त्यांनी आदल्या संध्याकाळीच सांगितले होते. पथ्य संपले आहे, तिला आवडेल ते द्या, असेही म्हणाल्या होत्या, म्हणून सकाळी लेकीने तिला पेढा भरवला. आधी स्नायूत गुंगीचे इंजेक्शन दिले. भुरी माझ्या मांडीवर गाढ झोपल्याची खात्री झाल्यावर पुढच्या पायावरचे थोडे केस कापून शिरेत सुई बसवली आणि मगच भुलीच्या औषधाचा मोठा डोस दिला. डोळे उघडेच राहतील, श्वास थांबल्यावरही एखादा आचका येऊ शकेल, लघवी होऊ शकेल, हे ठाऊक असल्यामुळे लेक घाबरली नाही. स्टेथोस्कोप त्यांनी बराच वेळ छातीवर ठेवला, नंतर पुन्हा एकदा ठेवला, आणि मगच “गेली ती” असे सांगितले. त्यानंतर पैशांचा विषय निघाला नाही, कारण तो व्यवहार त्यांनी आधीच उरकून घेतला होता. ही गोष्ट लहान वाटेल, पण त्या क्षणी पाकीट शोधावे न लागणे फार महत्त्वाचे होते.

अंत्यविधीसाठी त्यांनी मालाड पश्चिमेला महापालिकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या, पीएनजीवर (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर) चालणाऱ्या प्राण्यांच्या दहनभूमीची माहिती दिली. ही सेवा निःशुल्क आहे. मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे पुरायला स्वतःची जागा नसते, त्यामुळे ही सोय आधीच माहीत असलेली बरी.

उणिवाही सांगायला हव्यात. रात्री ही सेवा मिळत नाही, आणि मूत्रपिंडाच्या आजारात झटके बहुधा वेळकाळ पाहून येत नाहीत; रात्रीसाठी दुसऱ्या दवाखान्याचा क्रमांक पहिल्याच भेटीत मागून घ्यावा. लांबच्या भेटीचे प्रवासशुल्क वेगळे असते, ते आम्हाला विचारल्यावर कळले. ते लेखी मिळायला हवे. आणि संमतिपत्र केवळ इंग्रजीत आहे. सासूबाईंनी भुरीला पिल्लू असताना बाटलीने दूध पाजले होते, आणि सही करण्यापूर्वी त्यांना तो कागद स्वतः वाचायचा होता. मी तो ओळीओळीने समजावून सांगितला, डॉक्टरही तोपर्यंत थांबल्या. तरीही एवढी विचारपूर्वक चालवलेली सेवा मराठीत एक पानभर संमतिपत्र सहज छापू शकेल, आणि तशी विनंती मी त्यांना केली आहे.