कलमदान घ्यायचंय? जुनं इराणी, नवं इस्फहानी की काश्मिरी

बोरूने मोडी गिरवणाऱ्यांना किंवा सुलेखनाचा नाद असलेल्यांना रंगवलेल्या कलमदानाचा, म्हणजे लेखण्या ठेवायच्या लांबट डबीचा, मोह कधी ना कधी पडतोच. घ्यायला निघालं की तीन गोष्टी समोर येतात: 'काजार काळातलं' (इराणच्या काजार राजघराण्याच्या काळातलं) म्हणून दाखवलं जाणारं जुनं इराणी कलमदान, इराणमधल्या इस्फहान शहरात आजच्या कारागिराने केलेलं नवं, आणि श्रीनगरचं काश्मिरी. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा घेत असाल तर जुन्याच्या वाटेला जाऊ नका. चित्राची ओढ असेल तर इस्फहानी घ्या, रोज हाताळायचं असेल तर काश्मिरी.

घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चकाकी पाहून अनेकांना चिनी-जपानी लाखकाम आठवतं. तिथे विशिष्ट झाडाचा चीक थरावर थर चढवून कठीण कवच तयार करतात. इराणी काम निराळं आहे. कागदाच्या लगद्याची डबी, त्यावर पांढरा गुळगुळीत लेप, लेपावर जलरंगातलं सूक्ष्मचित्र आणि शेवटी पारदर्शक रोगणाचे हात. संदरूस राळ जवसाच्या तेलात शिजवून हे रोगण करत. म्हणजे तुम्ही विकत घेता ते चित्र. रोगण फक्त त्याची राखण करतं.

जुन्या कलमदानांची थोरवी मोठी आहे यात शंका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुहम्मद जमान, अठराव्यात अली अशरफ, एकोणिसाव्यात नजफ अली आणि मुहम्मद इस्माईल इस्फहानी अशी ही परंपरा. वीतभर लांबीच्या, दोन बोटं रुंदीच्या गोलाकार टोकांच्या डबीवर गुलाब आणि बुलबुल, शिकारीचे प्रसंग, युरोपीय चित्रांवरून घेतलेली मेरी आणि बाळ येशू, सगळं मावतं. मुहम्मद इस्माईलने १८६५ साली रंगवलेल्या एका पेटीवर अफगाणिस्तानातल्या हेरात शहराच्या वेढ्याचं अख्खं दृश्य आहे. ती पेटी आज स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संग्रहालयात आहे.

अडचण आहे ती सह्यांची. यातले बरेच चित्रकार थेट नाव लिहिण्याऐवजी नावावर बेतलेलं धार्मिक वचन लिहीत. नजफ अलीची सही 'या शाह-ए-नजफ' अशी, म्हणजे 'हे नजफच्या राजा', हजरत अलींना उद्देशून. तीन-चार शब्दांचं वचन नंतरच्या कुणीही मागणी पाहून लिहावं, इतकं ते सोपं. म्हणून सही पाहून पैसे मोजू नका. रोगण पाहा. जुनं रोगण पिवळं पडतं, त्याखालचा निळा हिरवट आणि पांढरा सायीसारखा दिसू लागतो. हा पिवळेपणा सगळीकडे एकसारखा, मुद्दाम फासल्यासारखा असेल, तर सावध व्हा. हाताची बोटं जिथे रोज लागत तिथे झीज असायला हवी आणि कोपऱ्यातल्या खाचांत नसायला हवी. झीज भलत्याच जागी असेल तर ती केलेली आहे. शिवाय आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. विक्रेत्याकडे परवाना लागतो आणि अशी वस्तू भारताबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाला भेट द्यायचा बेत असेल तर हा विचार आधीच केलेला बरा.

आता नवं इस्फहानी आणि काश्मिरी. दोघांची मुळं एकाच फारसी परंपरेत आहेत. काश्मीरमध्ये तर या सगळ्या कलेचं जुनं नावच 'कार-ए-कलमदानी', आणि ती पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनच्या काळात मध्य आशियातून आली असं मानतात. पण हात वेगळे झाले. इस्फहानी कारागीर आधी चित्र पाहतो: मध्ये एक पक्षी, पाकळीच्या कडेला फिकट होत जाणारा गुलाबी, चेहरा असेल तर पापणीपर्यंत. काश्मिरी नक्काश, म्हणजे रंगवणारा, पृष्ठभाग भरतो: चिनारची पानं, फुलात फूल गुंफलेली 'गुल-अंदर-गुल', 'हजारा'ची दाट फुलं, मध्ये एखादा खंड्या. एक भिंगाखाली उलगडतं, दुसरं हातभर अंतरावरूनही खुलतं.

काश्मिरी कामात दोन माणसं असतात. साख्तसाज लगदा भिजवून, कुटून, भाताची खळ घालून साच्यावर चढवतो, नक्काश रंगवतो. स्वस्त मालात खरी फसगत साख्तसाजाच्या भागात होते: लगद्याऐवजी पुठ्ठा किंवा लाकूड, वर ॲक्रिलिक रंग. लगद्याची डबी हातात हलकी लागते. सोनेरी रेष खऱ्या वर्खाची की ब्राँझच्या भुकटीची, हेही स्पष्ट विचारा. भुकटी काही वर्षांत काळपट होते.

दोन्हींसाठी माझी एकच परीक्षा. कलमदानाचा आतला सरकता खण पूर्ण बाहेर काढा आणि त्याच्या बाजू बघा. बंद असताना त्या दिसतही नाहीत. चांगल्या कलमदानात तिथे लाल किंवा काळ्या रंगावर सोन्याची बारीक वेल धावत असते आणि जोडापाशी अडखळत नाही. मग तळ बघा. तळ कोरा आणि बाजू एकरंगी असतील, तर वरच्या गुलाबाचे दाम कमी करून मागायला हरकत नाही. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले, तर उठून निघायचं.

वापराच्या बाबतीत काश्मिरी सरस, कारण मापं हवी तशी मिळतात, नव्याने करूनही घेता येतात आणि बोरू, चाकू, दौत ठेवताना जीव दडपत नाही. शाई मात्र बंद झाकणाच्या दौतीतच. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात खण फुगून अडकेल. ओढाताण करू नका, कोरड्या खोलीत दोन दिवस राहू द्या. पुसायला मऊ कोरडं फडकं. सॅनिटायझरचा हात लागू देऊ नका, स्पिरिटने रोगण धुरकट होतं.

आणि यातलं काहीच परवडत नसेल, तर सावंतवाडीच्या चिताऱ्यांकडे जा. कलमदान त्यांचं मूळ काम नव्हे, पण फारसी दरबारांतून आलेली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, त्यांनी दशावतार रंगवून आपलीशी केली, आणि लाखेचा हात त्यांच्याकडे आजही पक्का आहे.