घरासकट दिवेआगर: तुर्भ्याहून भाड्यानं घेतलेली मोटरहोम

पाचपैकी साडेतीन तारे. बिछान्याला पाच, ड्रायव्हर पोराला साडेचार, कंपनीच्या कागदांना एक. सरासरी काढायला बसू नका, तारे अंदाजानं दिलेत.

मी खोपट डेपोतून एसटीचा चालक म्हणून निवृत्त झालो. 27 वर्षं जवळजवळ 11 मीटरची गाडी हाकली. त्यामुळे मुलगा म्हणाला, "बाबा, मोटरहोम बुक केलीय, दिवेआगर, तीन रात्री," तेव्हा मी आधी विचारलं, "लांबी किती?" तो म्हणाला, "चौघं झोपतात." तुर्भ्याला कंपनीत फोन केला तर तिथल्या मुलीचंही तेच. चौघं झोपतात, टीव्ही आहे, संडास आहे, फ्रिज आहे. लांबी कोणालाच ठाऊक नव्हती.

भाडं दिवसाला 13,000, ड्रायव्हर आणि डिझेल धरून. टोल आपला. 10,000 डिपॉझिट.

पहाटे साडेचारला गाडी पाचपाखाडीत आमच्या सोसायटीच्या कमानीपाशी आली आणि तिथंच थांबली. ड्रायव्हर पोरगा चोवीस-पंचवीसचा, जालन्याकडचा. आत घेऊ का म्हणाला. मी घरातून स्टीलची टेप आणली. कंपनीच्या कागदावर उंची 2.75 मीटर. ती गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाची असणार. टपावर एसीचा खोका आणि सोलर पॅनल चढवल्यावर माझ्या टेपनं 3.10 भरली. रुंदी आरशांसकट 2.45. लांबी 7.05, मागची शिडी धरली तर 7.30. आमची कमान मध्यभागी जेमतेम 3 मीटर. आत घेतली असती तर एसी सोसायटीलाच बसला असता. सामान आम्हीच बाहेर वाहिलं. वॉचमन हसत होता.

कायद्यानं ही गाडी बारकीच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 93 वा नियम रुंदी 2.6 मीटरपर्यंत चालवून घेतो. पण गावाकडचा एकेरी डांबरी रस्ता असतो 3.75 मीटरचा. त्यात आमची अडीच आणि समोरून येणारा टेम्पो दोन, बेरीज जमत नाही. एकानं साइडपट्टीवर उतरायचं, आणि कोकणात साइडपट्टीच्या पलीकडं बहुतेक वेळा गटार.

पोराकडं साधा हलक्या वाहनाचा परवाना. त्यात बेकायदा काही नाही. वजन 7,500 किलोच्या आत असलं की तोच परवाना चालतो, नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. फक्त परवान्यात किलो मोजतात आणि वळणावर लांबी लागते. पोरगा त्याआधी टॅक्सी चालवायचा. मोबाइलनं त्याला कळव्याहून विटाव्याची वाट दाखवली. मी म्हटलं, बाबा, त्या बुटक्या रेल्वेपुलाखाली टपावर एसी घेऊन नको, ऐरोलीच्या पुलानं चल. मोबाइलला ही कार आहे की कंटेनर ते कळत नाही. वाटेत त्याला लाल गोल पाट्याही शिकवल्या. आकड्याच्या वर आणि खाली काळे त्रिकोण असले की ती उंची, डावी-उजवीकडे असले की रुंदी. "काका, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं," म्हणाला. खरं बोलत होता.

पनवेल, कर्नाळा, पेण, वडखळ ठीक. माणगावला नेहमीसारखे अडकलो. पण तिथं पहिल्यांदा गाडीची मजा कळली. बाजूच्या गाडीतली माणसं घाम पुसत होती आणि आमच्या हिनं मागं चहा टाकला होता. (धावत्या गाडीत टाकायचा नाही असं लिहिलंय. गाडी धावत नव्हती.)

म्हसळा, बोर्ली पंचतन करत दिवेआगर. वाड्यांमधले रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. दोन्ही बाजूंनी जांभ्या चिऱ्याचे गडगे, वर वाकलेल्या पोफळी, मध्ये विजेच्या तारा. एका काटकोनी वळणावर पोरानं टॅक्सीसारखी लगेच वळवली. पुढचं निघालं, मागचं चाक आत कापत गडग्याकडं निघालं. मी ओरडलो म्हणून चार बोटांवर थांबला. मग खाली उतरून त्याला एसटीची रीत दाखवली. नाक पार पलीकडच्या कडेला नेऊन मग वळवायची, आणि वळताना शेपूट उलट्या बाजूला फिरतं तिकडं एक डोळा ठेवायचा. मागच्या चाकामागं लोंबणाऱ्या भागाला चाकांमधल्या अंतराच्या 60 टक्क्यांची मर्यादा असते, आणि या गाडीनं ती बहुतेक पुरेपूर वापरलीय. मागं बिछाना हवा ना! ही खिडकीतून चमच्यानं ताट वाजवत होती, दोन ठोके म्हणजे चल, एक म्हणजे थांब. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं शिकलीय. पाच मिनिटांत निघालो. तोवर मागं दोन रिक्षा आणि एक दूधवाला.

रात्री एका घरगुती मुक्कामाच्या अंगणात लावली. तिथल्या काकूंनी ओसरीवरचा प्लग दिला. तो 6 अँपिअरचा, गाडीचा एसी मागतो 16 चा. फ्यूज उडाला, काकूंची मालिका गेली. एसीशिवाय झोपलो, मागचं दार उघडं टाकून, सुरूच्या बनातला वारा घेत. झोप उत्तम लागली. पाच तारे याच रात्रीचे. राज्याचं कॅराव्हॅन, म्हणजे अशा घरासकट गाड्यांचं, धोरण 2021 चं आहे, पण पाणी भरायला, टाकी रिकामी करायला अशी जागा आम्हाला या वाटेवर कुठं दिसली नाही. सगळं काकूंच्या जिवावर.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून जंगलजेट्टीनं, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बोटीनं, खाडीपलीकडं वेसवीला, तिथून वेळासला जायचं होतं. अकरा वाजता धक्क्यावर गेलो तर ओहोटी. बोट खाली बसलेली, उतार उभा, आणि उतार संपतो तिथं बोटीची फळी वर चढलेली. छोट्या गाड्या चढत होत्या. मी पोराला थांब म्हटलं. मागून हॉर्न वाजायला लागले आणि त्यानं घातली. पुढची चाकं फळीवर चढली, शेपूट खाली गेलं, आणि "खर्रर्र". सांडपाण्याच्या टाकीचा नळ सगळ्यात मागं, सगळ्यात खाली. तो धक्क्याच्या काँक्रीटला घासून वाकला. बोटीवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "दादा, लांब गाडी आहे, भरतीला या." त्याला बघताक्षणी कळलं, आमच्या कंपनीला गाडी विकत घेऊनही कळलेलं नाही.

मागं घेतली. अडीचपर्यंत धक्क्यावर बसलो. हिनं कांदेपोहे केले, पोराला दिले, बोटीवरच्या दोघांनाही दिले. सावित्रीची खाडी हळूहळू भरत होती, बोट बोटभर, टीचभर वर येत होती. भरती झाली तेव्हा फळी जवळजवळ सपाट, गाडी अशी आत गेली की आवाजही नाही. ते तीन तास सगळ्या सहलीत मला सगळ्यात जास्त आवडले, पण त्याचे तारे कंपनीला कशाला देऊ?

परत दिल्यावर नळाचे म्हणून 3,500 डिपॉझिटमधून कापले. मी विचारलं, ओहोटीला बोटीवर चढवू नका असं तुमच्या कागदावर कुठं आहे? गाडी जमिनीपासून मागं किती वर आहे ते कुठं लिहिलंय? मॅनेजर म्हणाला, ड्रायव्हरला माहीत असायला हवं. ड्रायव्हर त्यांचाच, शेजारी मान खाली घालून उभा. मी म्हटलं, पोराच्या पगारातून कापलंत तर मी इथं रोज येऊन बसेन, मला आता काम नसतं.

मी टेपनं घेतलेली मापं चिकटपट्टीवर मोठ्या आकड्यांत लिहून काचेच्या वर, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर लावली होती. उंची, रुंदी, लांबी आणि शेपटीखालची जागा, 31 सेंटिमीटर. तुम्ही ही गाडी घेतलीत तर पट्टी आहे का बघा. नसेल तर टेप घेऊन जा.

3,500 चा अर्ज दिलाय. परत आले तर चार तारे करीन.